यादीतून नाव निघतच नाही? स्पॅमचं बटण दाबण्याआधी हे तपासा

पावसाळा लागला की आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या ईमेल यादीवर दोन प्रकारचे मेल वाढतात. एक, शनिवार-रविवारच्या बेतांचे. दुसरे, ‘कृपया माझं नाव यादीतून काढा’ असे. पहिले वाढले की दुसरे आपोआप वाढतात. एरवी महिन्याला चार-पाच मेल येणाऱ्या यादीवर जून-जुलैत दिवसाला वीस-वीस येतात, आणि डोंगर सोडून गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ लागलेल्या जुन्या मंडळींना एकदम आठवतं की आपण अजून या यादीत आहोत.

मी या यादीचा अ‍ॅडमिन. पगार शून्य, बोलणी भरपूर. ‘व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात ईमेलची यादी कशाला’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. पंधरा वर्षांपूर्वी कुणी लिहिलेलं एखाद्या घाटवाटेचं वर्णन व्हॉट्सअ‍ॅपवर शोधून दाखवा, मग बोलू. यादी आधी याहू ग्रुप्सवर होती. ते १५ डिसेंबर २०२० ला कायमचे बंद झाले. तेव्हा आम्ही स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात अ‍ॅटच्या चिन्हापुढे येणारं नाव, घेतलं, भाड्याचा छोटा सर्व्हर घेतला आणि त्यावर मेलमॅन नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बसवलं. सभासद साडेतीनशेच्या आसपास.

नाव न निघण्याची तक्रार इतक्यांदा आलीय की आता एकदाच सगळं लिहून काढतो. पुढच्या वेळी कुणाचा फोन आला की हेच पाठवून देईन.

नाशिकचे काका

मागच्या जुलैत नाशिकच्या एका काकांचा फोन आला. आवाज चढलेला.

“अरे, पाच वेळा अनसबस्क्राइब केलं मी! तुमचे मेल काही थांबत नाहीत. हा काय चक्रव्यूह आहे का, आत शिरायचं माहीत आणि बाहेर पडायचं नाही?”

पाच वेळा म्हणजे नेमकं काय काय केलंत, ते मी एकेक करून विचारून घेतलं. ‘अनसबस्क्राइब केलं’ या दोन शब्दांत लोक काहीही बसवतात.

पहिल्या दोन वेळा काकांनी आलेल्या मेललाच उत्तर देऊन मोठ्या अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ लिहिलं होतं. आमच्या यादीवर उत्तर सगळ्यांना जातं. म्हणजे तो शब्द साडेतीनशे लोकांनी वाचला आणि सॉफ्टवेअरने मात्र वाचला नाही, कारण सॉफ्टवेअरचा पत्ता वेगळा असतो. पाठोपाठ तिघांनी ‘मलाही काढा’ लिहिलं, आणि एका गृहस्थांनी ‘असं यादीवर लिहू नये’ हेही यादीवरच लिहिलं. हा प्रकार फार जुना आहे. १४ ऑक्टोबर १९९७ ला खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलम डीएल थ्री’ नावाच्या एका अंतर्गत यादीवर सुमारे १३ हजार कर्मचारी होते. एकाने ‘मी या यादीत का आहे, मला काढा’ विचारलं, बाकीच्यांनी ‘मलाही’, ‘मलाही’ सुरू केलं, आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. पुढे त्या दिवसाचे टी-शर्टही निघाले. तेव्हा काका, तुम्ही एकटे नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या वेळी मात्र त्यांनी बरोबर जागा शोधली होती. मेलच्या तळाशी असलेली लिंक. ती उघडल्यावर एक चौकट येते, तिच्यात पत्ता लिहायचा. काकांनी आपला जीमेलचा पत्ता लिहिला. पान म्हणालं, तुम्ही सभासद असाल तर खात्री करणारा मेल पाठवला आहे. तो मेल आलाच नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच केलं, पुन्हा आला नाही.

त्या वाक्यातला ‘असाल तर’ महत्त्वाचा. पान तुम्हाला ‘हा पत्ता यादीत नाही’ असं सांगत नाही. मुद्दामच सांगत नाही, नाहीतर कुणीही परका माणूस एकेक पत्ता टाकून कोण कोणत्या यादीत आहे ते हुडकत बसेल. गोपनीयतेसाठी हे योग्यच आहे, पण खऱ्या सभासदाची त्यात फरफट होते. पत्ता चुकलाय हे त्याला कळतच नाही. तो वाट बघत बसतो.

पाचवी वेळ म्हणजे स्पॅमचं बटण. यादीवरून आलेला प्रत्येक मेल, जवळजवळ महिनाभर.

मी यादी उघडून त्यांचा जीमेलचा पत्ता शोधला. नव्हता. आता एक लक्षात घ्या, अ‍ॅडमिन म्हणून मी कुणालाही एका क्लिकमध्ये काढू शकतो आणि काकांना त्याच क्षणी काढलंही असतं. पण साडेतीनशेतला कोणता पत्ता काकांचा, ते मला तरी कसं कळणार? जुन्या सभासदांपैकी निम्म्यांच्या पत्त्यात नावाच्या जागी गडाचं नाव आणि पुढे जन्मसाल आहे.

मग आम्ही फोनवरच शोध सुरू केला. मोबाइलच्या अ‍ॅपवर हे दिसत नाही, म्हणून काकांना कॉम्प्युटरवर जीमेल उघडायला लावलं. यादीचा एक मेल उघडायचा, उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करायचं आणि ‘शो ओरिजिनल’ निवडायचं. समोर मेलचा कच्चा मजकूर येतो, ओळीच्या ओळी, बघून घाबरायला होतं. काकांना म्हटलं, जुन्या पाकिटावर जसे पोस्टाचे शिक्के असायचे ना, कुठून निघालं, मध्ये कुठे पोचलं, शेवटी कुठल्या पोस्टात आलं, तसेच हे शिक्के आहेत. फरक एवढाच की इथे शेवटचा शिक्का सगळ्यात वर असतो.

“वर ‘डिलिव्हर्ड-टू’ आहे. त्यापुढे माझाच जीमेल आहे.”

“तो शेवटचा मुक्काम झाला. खाली या. ‘रिसीव्ह्ड’ अशा चार-पाच ओळी असतील. त्यांत ‘फॉर’ या शब्दापुढे कोणता पत्ता आहे बघा.”

काका वाचत खाली आले. दोन ओळींत जीमेल. तिसऱ्या ओळीत थांबले.

“अरेच्चा! हा तर आमच्या कॉलेजचा.”

कॉलेजने माजी विद्यार्थ्यांना दिलेला पत्ता. २००९ साली काका त्याच पत्त्यावरून यादीत आले होते. त्या पत्त्याला स्वतःची पेटी नाही, तिथे आलेला मेल तो नुसता पुढे जीमेलला ढकलतो. काकांनी एकदा ते जोडून दिलं आणि विसरून गेले. यादीच्या लेखी सभासद होता कॉलेजचा पत्ता. बाहेर पडायला धडपडत होता जीमेलचा पत्ता, जो कधी आत आलाच नव्हता.

त्याच पानावर कॉलेजचा पत्ता टाकला. आता खात्रीचा मेल यायलाच हवा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इनबॉक्समध्ये काही नाही.

“स्पॅममध्ये बघा,” मी म्हटलं.

होता. महिनाभर काकांनी जीमेलला शिकवलं होतं की या डोमेनवरून येणारं सगळं रद्दी आहे. जीमेल शहाण्या विद्यार्थ्यासारखं शिकलं, आणि दाराची किल्लीही रद्दीत टाकली. मेलमॅनमध्ये ही किल्ली मूळ सेटिंगनुसार तीन दिवस चालते, मग निकामी होते. जीमेल स्पॅममधले मेल तीस दिवसांनी पुसून टाकतं. म्हणजे पत्ता बरोबर टाकूनही, स्पॅममध्ये बघितलं नसतं तर काका आत अडकलेच असते.

लिंकवर क्लिक केलं. काका बाहेर पडले. एकूण वेळ पस्तीस मिनिटं.

स्पॅमचं बटण करतं काय

बहुतेकांची समजूत अशी की हे बटण म्हणजे ‘मला नको’. घरात नको असलेली वस्तू अंगणात ठेवावी, तसं. प्रत्यक्षात ती तक्रार असते, आणि तक्रारीची नोंद होते.

तुमच्या पेटीपुरतं बघायचं तर त्या पत्त्याचे पुढचे मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात. पण तुमची ईमेल सेवा शेजारी आणखी एक हिशेब ठेवत असते: या डोमेनवरून आमच्या ग्राहकांना किती मेल पोचले आणि त्यांतल्या कितींवर लोकांनी स्पॅम दाबलं. गूगलने मेल पाठवणाऱ्यांना घालून दिलेली मर्यादा अशी आहे की हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नका. हजारात तीन. आता आमचं गणित करा. जीमेलवर आमचे अडीचशे सभासद आहेत. एका मेलवर एकाच माणसाने स्पॅम दाबलं की प्रमाण झालं ०.४ टक्के. लाखो पत्त्यांवर जाहिराती धाडणाऱ्या कंपनीला तुमचा एक क्लिक म्हणजे समुद्रात थेंब. आमच्यासारख्या यादीला तोच एक क्लिक मर्यादेपलीकडे नेतो. आणि ज्याचा राग येऊन लोक हे बटण दाबतात, ती असते सहसा मोठी कंपनी. फटका बसतो छोट्याला.

बरं, आम्हाला हे कळावं तरी. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स नावाचं एक साधन आहे, त्यात तक्रारींचं प्रमाण दिसतं. पण रोजचे मेल थोडेच असतील तर तिथे काहीच दिसत नाही. कुणी तक्रार केली हे तर गूगल कुणालाच सांगत नाही. याहू आणि मायक्रोसॉफ्ट मात्र, पाठवणाऱ्याने आधी नोंदणी केली असेल तर, प्रत्येक तक्रारीची सूचना त्याला पाठवतात. ग्रुप्स डॉट आयओसारखी सेवा अशी सूचना आली की तक्रार करणाऱ्याला त्या ग्रुपमधून आपोआप काढून टाकते. त्यामुळे तिथे उलटीच गंमत होते. माणूस सकाळी पन्नास मेल एकदम निवडून स्पॅममध्ये ढकलतो आणि महिन्याने अ‍ॅडमिनला विचारतो, “मला ग्रुपमधून का काढलंत? माझं काय चुकलं?”

काकांच्या त्या महिन्यात आमच्याकडे काय झालं तेही सांगतो. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला म्हणून रविवारचा एक ट्रेक शनिवारी दुपारी रद्द केला आणि यादीवर कळवलं. रविवारी पहाटे साडेपाचला दोघं जण पाठीला सॅक लावून, भर पावसात शिवाजीनगरला उभे होते. रद्द झाल्याचा मेल दोघांच्याही स्पॅममध्ये सापडला. एकट्या काकांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, यादीत आणखी किती जणांनी ते बटण वापरलं असेल देव जाणे. पण त्या दोघांना फोनवर सॉरी म्हणणारा मी होतो.

मग बाहेर पडायचं कसं

आधी हे ठरवा की मेल कुठल्या जातीचा आहे. एखाद्या मंडळाची, ग्रुपची, माजी विद्यार्थ्यांची यादी, जिथे सभासद एकमेकांशी बोलतात? दुकानाची, अ‍ॅपची, विमा कंपनीची जाहिरात? की बँकेचं स्टेटमेंट, तिकिटाची पावती, असा व्यवहाराचा मेल? तिसऱ्या जातीच्या मेलला बहुधा अनसबस्क्राइब नसतंच आणि तो थांबवायलाही जाऊ नये. बँकेच्या मेलवर वैतागून स्पॅम दाबाल, तर उद्या त्याच बँकेचा ओटीपी स्पॅममध्ये शोधत बसाल.

गप्पांच्या यादीसाठी पहिलं काम म्हणजे वर काकांचं झालं ते: कोणता पत्ता यादीत आहे ते शोधणं. जुनं ऑफिस, जुनं कॉलेज, बायकोच्या फोनवरून उघडलेलं दुसरं खातं, काहीही असू शकतं. बऱ्याच याद्या प्रत्येक मेलच्या तळाशी ‘हा मेल अमुक पत्त्यावर पाठवला आहे’ असं छापतात. काकांच्या प्रकरणानंतर मीही ते सेटिंग चालू केलंय. फार आधी करायला हवं होतं.

पत्ता कळला की अर्धं काम झालं. गूगल ग्रुप्सची यादी असेल, तर ग्रुपच्या पत्त्यात नावानंतर, अ‍ॅटच्या चिन्हाआधी, अधिकचं चिन्ह आणि अनसबस्क्राइब हा इंग्रजी शब्द जोडायचा आणि त्या पत्त्यावर मेल पाठवायचा. ग्रुप्स डॉट आयओलाही हीच रीत चालते. मेलमॅनच्या यादीत तळाची लिंक वापरा. मात्र मेल पाठवून बाहेर पडायचं असेल, तर तो यादीत असलेल्या पत्त्यावरूनच जायला हवा. कॉलेजच्या पत्त्यासारखा नुसता पुढे ढकलणारा पत्ता असेल तर तिथून मेल पाठवता येत नाही, मग तळाच्या लिंकचाच रस्ता.

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी कधी कधी ‘अनसबस्क्राइब’ असं छोटं बटण दिसतं. ते जीमेलचं स्वतःचं नाही. पाठवणाऱ्याने मेलच्या डोक्यावर एक अदृश्य ओळ लिहिलेली असते, ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ नावाची, तिच्यावरून ते बटण उगवतं. ही ओळ १९९८ पासून आहे. तिच्यात एखाद्या पानाची लिंक असते किंवा मेल पाठवायचा पत्ता असतो. पत्ता असेल तर बटण दाबल्यावर जीमेल तुमच्या वतीने तिथे मेल पाठवतं, तुमच्या जीमेलच्या पत्त्यावरून. काकांनी हे बटण दाबलं असतं तरी सहाव्यांदा तेच झालं असतं, हे आता तुम्हीच सांगाल.

नुसत्या लिंकचीही एक भानगड होती. अनेक ऑफिसांत आलेल्या मेलमधली प्रत्येक लिंक सुरक्षेसाठी एक यंत्र आधी उघडून बघतं. लिंक उघडताच नाव कमी होत असेल, तर यंत्राने बघितल्याबरोबर माणूस यादीबाहेर. त्याने मेल वाचलेलाही नसतो. यावर उपाय म्हणून जानेवारी २०१७ मध्ये नवं मानक आलं: नुसती लिंक उघडल्याने काही होणार नाही, बटणाने वेगळी विनंती पाठवली तरच नाव जाईल, पण मग एका क्लिकमध्ये जाईल. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना हे एका क्लिकचं बटण सक्तीचं केलं. गूगलच्या हिशेबात मोठं म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल. विनंती आल्यापासून दोन दिवसांत ती पाळायची. तेव्हा आज बटण दाबलं आणि उद्या सकाळी आणखी एक मेल आला, तर लगेच बोटं मोडू नका, तो आधीच रांगेत लागलेला असू शकतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात तर दहा कामकाजाचे दिवस दिलेत, त्यामुळे तिकडच्या कंपन्या निवांत असतात.

एवढं करूनही जमलं नाही, तर यादी चालवणाऱ्या माणसाला थेट लिहा. यादीला नव्हे, माणसाला. त्यानेही दाद दिली नाही तर शेवटचा उपाय फिल्टर. जीमेलमध्ये तो मेल उघडून तीन ठिपक्यांतून ‘फिल्टर मेसेजेस लाइक धिस’ निवडा, यादीची ओळख तिथे आपोआप भरली जाते, पुढे ‘डिलीट इट’ वर खूण करा. मेल येतील आणि तुम्हाला न दिसता कचऱ्यात जातील. तुमची सुटका होते आणि दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही.

दुकानदारांच्या याद्या

इथे मात्र माझी सहानुभूती सगळी तुमच्या बाजूने. एकदा एका ठिकाणाहून बुटांची जोडी घेतली. मग ‘ऑफर्स’मधून नाव काढलं, तर ‘नवीन माल’ सुरू झाला, तो बंद केला तर ‘तुमच्या आवडीचं’ सुरू झालं. प्रत्येक यादी वेगळी. अनसबस्क्राइबच्या पानावर घाईने वरचं मोठं रंगीत बटण दाबू नका, बऱ्याचदा ते ‘राहू द्या’चं असतं. खाली बारीक करड्या अक्षरांत ‘सगळ्यातून काढा’ असतं. आणि ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असलं काहीतरी दाबायला लावणारं पान दिसलं, तर त्या प्रकाराला आपल्याकडे सरकारी नाव आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे. ग्राहकाला लाजवून निर्णय बदलायला लावणं आणि वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करून ठेवणं, दोन्ही तिच्यात आहेत.

‘डीएनडी लावलंय तरी मेल येतात’ असंही लोक म्हणतात. १९०९ वरची ती नोंदणी कॉल आणि एसएमएससाठी आहे, ईमेलशी तिचा संबंध नाही. ईमेलवरच्या जाहिरातींसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र एक कामाचं कलम आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. पूर्ण अंमल टप्प्याटप्प्याने येतोय, पण कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिताना या वाक्याचा उल्लेख करायला काहीच हरकत नाही.

एक वेगळाच त्रास आपल्या पाटील, जाधव, कुलकर्णी मंडळींना होतो. दुसऱ्याच पाटलांच्या शाळेची फी, दुसऱ्याच पाटलांचं कर्ज, सगळं आपल्या पेटीत. जीमेल पत्त्यातला टिंब मोजत नाही. नाव आणि आडनाव यांमध्ये टिंब असो वा नसो, पेटी एकच. तिकडच्या पाटलांना वाटतं टिंब दिलं म्हणजे आपला पत्ता वेगळा झाला, आणि ते फॉर्मवर तुमचा पत्ता लिहून मोकळे होतात. अशा मेलमध्ये ‘तुमचा पत्ता पक्का करा’ असं बटण असेल तर ते दाबू नका. पाठवणाऱ्या संस्थेला ‘पत्ता चुकीचा आहे’ एवढं एका ओळीत कळवा. शाळेवर स्पॅम दाबून त्या दुसऱ्या पाटलांच्या पोराचा निकाल मिळायचा नाही.

स्पॅम कधी दाबायचंच

ज्याच्याशी कधी काही संबंध नाही त्याचा मेल, अनसबस्क्राइबची सोयच नसलेली जाहिरात, आणि नाव काढून पंधरा-वीस दिवस झाले तरी निर्लज्जपणे येत राहणारे मेल. इथे बेलाशक दाबा, बटण त्यासाठीच आहे. ‘आयकराचा परतावा अडकलाय, इथे क्लिक करा’ छापाचा मेल असेल तर साध्या स्पॅमऐवजी त्याच तीन ठिपक्यांतलं ‘रिपोर्ट फिशिंग’ दाबा. असल्या मेलच्या तळाशी अनसबस्क्राइब दिसलं तरी त्याला हात लावू नका. तिथे क्लिक केल्याने एवढंच सिद्ध होतं की या पत्त्यावर जिवंत माणूस राहतो. आणि अनसबस्क्राइब करायला पासवर्ड, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागणारं पान उघडलं, तर टॅब बंद करून टाका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि हो, तळाशी लिंक असलेला मेल तसाच्या तसा कुणाला फॉरवर्ड करू नका. ती लिंक बऱ्याच याद्यांवर तुमच्या नावाची असते. आमच्याच एका आजोबांनी दुसऱ्या एका यादीवर आलेला, कळसूबाईचे फोटो असलेला मेल बहिणीला पाठवला. बहिणीला वाटलं हे आता आपल्याला रोज येणार, म्हणून तिने तळाची अनसबस्क्राइबची लिंक दाबली, आणि आजोबा त्या यादीतून गायब. दोन महिने ते तिथल्या अ‍ॅडमिनशी बोलले नव्हते.

नाव काढायचंच आहे का

माझ्या अनुभवात दहातल्या सहा जणांना यादी सोडायची नसते, मेलचा भडिमार नको असतो. मेलमॅन असो की गूगल ग्रुप्स, दोन्हीकडे डायजेस्टची सोय आहे, म्हणजे सुटे मेल न येता त्यांचा एकत्र गठ्ठा येतो. मेल पूर्ण थांबवून सभासद राहण्याचीही सोय आहे, वाटलं तेव्हा जुने मेल जाऊन वाचता येतात. आणि एकाच विषयावर भांडण पेटलं असेल (आमच्याकडे दर वर्षी ‘रेनकोट की पोंचो’ यावर पेटतं) तर जीमेलमध्ये तेवढाच धागा म्यूट करा.

आमच्या यादीतून बाहेर पडायचंच असेल तर यादीवर लिहू नका, मला लिहा. मेलच्या तळाशी छापलेला तुमचा पत्ता जसाच्या तसा कॉपी करून पाठवा. तो दिसत नसेल तर ‘शो ओरिजिनल’मधला मजकूर पाठवा, शोधायचं काम मी करतो. तळाच्या लिंकने स्वतःच बाहेर पडत असाल आणि खात्रीचा मेल दहा मिनिटांत दिसला नाही, तर स्पॅममध्ये बघा, सापडला की ‘नॉट स्पॅम’ दाबा आणि मग लिंकवर क्लिक करा. यादीचे आधी स्पॅममध्ये टाकलेले मेल अजून तिथे असतील, तर जाता जाता त्यांनाही ‘नॉट स्पॅम’ करून जा. रविवारी पहाटे शिवाजीनगरला उभं राहणारी मंडळी अजून यादीत आहेत.